आजी घरी, अंगठा कागदावर

पत्र

सर, बरीच वर्षं तालुका कोर्टात वकिली केल्यावर मला नुकतंच नोटरीचं प्रमाणपत्र मिळालं. सोलापूर जिल्ह्यात, तहसील कचेरीसमोर बसते. परवा एक ओळखीचा एजंट जमिनीचं मुखत्यारपत्र घेऊन आला. पाचशेचा स्टॅम्प, सगळं टाइप केलेलं, खाली अंगठा आधीच उठवलेला. म्हणाला, "आजी घरी आहेत, त्यांना चालवत नाही. आधारची झेरॉक्स आहे, साक्षीदार दोघं सोबत आहेत. मारा शिक्का." मी का-कू केल्यावर म्हणाला, "पलीकडच्या टेबलावर पाच मिनिटांत होतं, मॅडम." त्यातून आधारवर नाव शकुंतला आणि सातबाऱ्यावर सखुबाई. नातू म्हणतो, आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवतो. जमिनीत हिस्सा असलेले काका दुबईला आहेत, त्यांची सहीसुद्धा कॉलवरच उरकू म्हणतो. कागद अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. काय करू? आणि एरवीही समोरच्याची ओळख किती आणि कशी तपासायची? आधारची झेरॉक्स ठेवायची का? हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही.

उत्तर

नमस्कार मॅडम,

कागद आजच परत करा. त्यावर पेन्सिलीची खूणसुद्धा करू नका आणि रजिस्टरमध्ये त्याच्यासाठी ओळ राखून ठेवू नका. एजंटला एवढंच सांगा : आजींना घेऊन या, नाहीतर मी आजींकडे येते. "मी नाही करणार" म्हणालात तर तो पलीकडच्या टेबलावर जाईल. "मी येते" म्हणालात की त्याला आजी दाखवाव्या लागतील, नाहीतर का दाखवता येत नाहीत ते सांगावं लागेल. खरं काम असेल तर तो तुम्हाला गाडीत बसवून नेईल.

तुम्ही विचारलंय ओळखीबद्दल, पण या कागदापुरता ओळखीचा मुद्दा अजून आलेलाच नाही. नोटरी कायद्याच्या कलम ८ मध्ये आपल्याला दस्ताचं निष्पादन (म्हणजे सही-अंगठा देऊन दस्त करून देणं) पडताळण्याचा, साक्षांकित करण्याचा, शपथ देण्याचा, प्रतिज्ञापत्र घेण्याचा अधिकार दिला आहे. आपल्या शिक्क्याखाली आपण लिहितो "माझ्यासमक्ष". समक्ष कोणी आलंच नाही, तर आधार खरं की खोटं, अंगठा कुणाचा, नाव जुळतं का, हे सगळे पुढचे प्रश्न. तिथं तुमच्या हातून खोटं विधान आधीच झालेलं असतं. आजी अगदी खऱ्या असल्या, जमीन त्यांचीच असली, अंगठाही त्यांचाच असला, तरी ते खोटंच. हे एकदा मनात पक्कं झालं की निम्मे एजंट आपोआप गळतात.

या शिक्क्याला वजन किती आहे ते आपल्याच लोकांना ठाऊक नसतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ८४ (जुन्या पुरावा कायद्यातलं कलम ८५) सांगतं की नोटरीसमोर केलेलं आणि नोटरीने प्रमाणित केलेलं मुखत्यारपत्र हे तसंच झालं आहे, असं कोर्ट गृहीत धरेल. म्हणजे उद्या आजी कोर्टात उभ्या राहून "मी अंगठा दिलाच नाही" म्हणाल्या, तर ते शाबित करण्याचं ओझं आजींवर. ते ओझं ऐंशी वर्षांच्या बाईच्या डोक्यावर ठेवायचं काम तुमच्या पाच मिनिटांनी केलेलं असतं.

एजंट लबाडच असतो असं मी म्हणत नाही. बहुतेकांना फक्त घाई असते. पण तोतयेगिरी चालते ती घाईवर आणि सोयीवर. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो तोतया उभा राहिला, त्याला १७७६ साली कोकणातले किल्ले मिळाले. त्याच्या मागे गेलेल्या सगळ्यांचे डोळे काही अधू नव्हते. पुष्कळांना तो भाऊसाहेब असणं सोयीचं होतं. आपल्या टेबलावरही असंच होतं. एजंटला, खरेदीदाराला, साक्षीदारांना, सगळ्यांनाच समोरची बाई "तीच" असायला हवी असते. तसं काही हवं नसलेला एकच माणूस त्या व्यवहारात असतो, तो नोटरी.

आता आजींच्या घरी गेल्यावर काय करायचं ते सांगतो, कारण खरं काम तिथं आहे.

पहिली गोष्ट, खोलीत गर्दी नको. नातू, सून, एजंट, खरेदीदाराचा माणूस, सगळ्यांना ओसरीवर चहा प्यायला पाठवा. तुम्ही बाई आहात, हा इथं मोठा फायदा आहे. "आम्ही दोघी जरा बोलतो" म्हटलं की कुणी फारशी हरकत घेत नाही. पदर ओढलेला असो, बुरखा असो, चेहरा बघणं गरजेचंच आहे, आणि ते तुम्ही जितक्या सहज कराल तितकं पुरुष नोटरीला जमत नाही. दार अगदी लावून घेऊ नका, नाहीतर उद्या तुमच्यावरच उलटेल. ऐकू जाणार नाही इतकं अंतर पुरे.

मग गप्पा. कागद पिशवीतच राहू द्या. "हे मुखत्यारपत्र तुम्हीच करून देताय ना?" असं कधीही विचारू नका. त्याला "हो" याखेरीज उत्तर नसतं, आणि "हो" तर बहिरं माणूसही मान हलवून देतं. विचारा : "आजी, मी कशाला आलेय?" त्या म्हणाल्या, "पगार चालू करायचाय म्हणून," तर तुमचं काम तिथंच संपलं. निराधार योजनेचे पैसे मिळणार म्हणून अंगठा घ्यायचा आणि वर मजकूर मुखत्यारपत्राचा, हा प्रकार काही आजचा नाही. त्या म्हणाल्या, "थोरल्याच्या पोराला रान विकायचा अधिकार द्यायचाय, माझ्यानं कचेरीत जाणं होत नाही," तर पुढे चला.

पुढे रानाचं बोला. विहीर कोणत्या अंगाला आहे? वरच्या बांधाला कोण? ओढा मधून जातो की कडेने? वाटणीत ते रान कुणाकडून आलं, सासऱ्यांकडून की माहेरून? दस्तात चतुःसीमा लिहिलेली असते, ती तुमच्या डोळ्यासमोर असू द्या. जिने त्या रानात खुरपलं आहे तिला पूर्वेला कोण हे आठवायला कागद लागत नाही. उलट पढवून आणलेली बाई गट नंबर घडाघडा सांगते आणि विहिरीपाशी अडखळते. खऱ्या म्हातारीला गट नंबर क्वचितच माहीत असतो. ती म्हणते "पट्टीतलं रान", "आंब्याखालचं". तेच ऐकायचं. दारातून कुणी आजींच्या आधी उत्तर देऊ लागलं, तर कोण देतंय तेही लक्षात ठेवा.

सोलापूरकडे आणखी एक गोष्ट घडते. तेलुगू किंवा कानडी घरातल्या माणसाला मराठी मजकूर नीट कळत नाही आणि तो भिडेखातर मान हलवतो. तुम्हाला ती भाषा येत नसेल तर येणारा माणूस बोलवा, मात्र तो खरेदीदाराने आणलेला नसावा. मजकूर त्या भाषेत समजावून सांगितला, कुणी सांगितला, ते दस्तावर लिहा आणि त्या माणसाचीही सही घ्या.

बोलताना आजी वेळकाळ विसरतायत का, मधेच नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतायत का, त्याकडेही लक्ष असू द्या. एखादा विसराळूपणा म्हणजे बुद्धी गेली असं नव्हे. पण कशाला अंगठा देतोय आणि त्याने काय होणार हेच कळत नसेल, तर आधार कितीही अस्सल असलं तरी परत या.

आता अंगठा. आधीच उठवलेला तो ठसा विसरून जा, तुमच्यासमोर नवा घ्या. शेतात जन्म गेलेल्या बाईच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात. त्यावर चुना, मिश्री, कधी भेगा. ओल्या फडक्याने अंगठा पुसा, कोरडा होऊ द्या. पॅडची शाई सौम्य लावा. भिजलेल्या पॅडवर दाबलेला अंगठा कागदावर नुसता निळा डाग होतो आणि उद्या ठसेतज्ज्ञाला त्यात काही दिसत नाही. आजींचा हात तुमच्या हातात घ्या, अंगठा एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हलकेच फिरवा आणि उचला. दाबू नका, घासू नका. बिघडला तर शेजारी दुसरा घ्या, पहिला खोडू नका. कोणत्या हाताचा ते लिहा. शेजारी आजींचं नाव ज्याने लिहिलं त्याचीही सही घ्या. "मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला, कबूल केला" ही ओळ टंकलेली असतेच, पण ती खरी करायची असते. वाचा. सगळा वाचा. विक्रीची किंमत आणि पैसे कुणी स्वीकारायचे तो परिच्छेद दोनदा वाचा. आजींचा ताजा फोटो दस्तावर चिकटवा आणि तुमचा गोल शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर येईल असा मारा. प्रत्येक पानावर अंगठा घ्या. तारखेची, रकमेची मोकळी जागा दिसली तर आधी ती भरायला लावा.

तुम्ही विचारलेल्या ओळखपत्रांकडे आता येतो. नोटरी कायदा आणि त्याखालचे १९५६ चे नियम चाळलेत तर "अमुक कार्ड पाहा" अशी यादी तुम्हाला सापडणार नाही. पटवून घेणं नोटरीच्या शहाणपणावर सोडलेलं आहे. त्याचा अर्थ आपल्याकडे लोकांनी "काहीही चालतं" असा काढला. मी काढतो तो अर्थ उलटा आहे : यादी नाही, म्हणजे "मी यादीप्रमाणे केलं" हा बचावही नाही.

झेरॉक्सवर काही करायचं नाही. मूळ कार्डच हवं. रंगीत झेरॉक्सला लॅमिनेशन केलं की ती मूळ कार्डासारखी दिसते, म्हणून नुसतं हातात घेऊन भागत नाही. आधारवरचा क्यूआर कोड आधार प्राधिकरणाच्या अधिकृत ॲपमधून स्कॅन करा. पैसे पाठवायच्या ॲपमधून तो उलगडत नाही. संगणकावर फोटो बदलणारा कार्डाचा चेहरा बदलतो, नाव बदलतो, पण कोडमधली माहिती प्राधिकरणाच्या डिजिटल सहीने बंद केलेली असते, ती त्याला बदलता येत नाही. कार्डावर एक चेहरा आणि स्कॅन केल्यावर पडद्यावर दुसरा, असं झालं तर बोलायचं कारणच उरत नाही. फार जुन्या कार्डांवरच्या कोडमध्ये फोटो नसतो. अशा वेळी ताजं ई-आधार काढून आणायला सांगा. आणि स्कॅन करण्याआधी आजींना विचारा, संमती हवी.

डिजिलॉकरमधलं लायसन्स किंवा पॅन चालतं, मात्र ॲप तुमच्यासमोर उघडायला सांगा. स्क्रीनशॉट म्हणजे झेरॉक्सचाच धाकटा भाऊ. जन्मतारखेवर फार भिस्त ठेवू नका. आपल्याकडे मास्तरांच्या कृपेने अर्धा तालुका १ जूनला जन्मलेला आहे, आणि ज्येष्ठांच्या आधारवर १ जानेवारीची रांग लागलेली असते. चेहऱ्यात बघायचं तर कान, हनुवटी, भुवयांमधलं अंतर, जुना व्रण, गोंदण. केस, चष्मा, दात, वजन बदलत राहतं. तोतया बहुधा घरातलाच असतो, भावाच्या जागी भाऊ, सासूच्या जागी चुलतसासू. त्यामुळे "साधारण तसाच दिसतो" एवढ्यावर समाधान मानू नका.

झेरॉक्स ठेवायची का? आधारचं पूर्ण कार्ड ठेवू नका. ऑफलाइन पडताळणी करणाऱ्याने, म्हणजे असा कोड स्कॅन करून ओळख तपासणाऱ्याने, आधार क्रमांक साठवू नये अशीच आधार कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतरची तरतूद आहे. शिवाय शेकडो लोकांच्या आधारच्या प्रती कोर्टाच्या आवारातल्या पत्र्याच्या कपाटात पडलेल्या, हे दृश्यच मला सोसत नाही. पहिले आकडे झाकलेली मास्क्ड प्रत मागा, तिच्यावर "अमुक मुखत्यारपत्राच्या नोटरीसाठी" आणि तारीख आडवी लिहून घ्या. रजिस्टरमध्ये कोणतं ओळखपत्र पाहिलं आणि शेवटचे चार आकडे, एवढं पुरतं.

शकुंतला आणि सखुबाई. याला घाबरू नका, हे घराघरात आहे. माहेरचं नाव एक, लग्नात बदललेलं दुसरं, फेरफाराच्या वेळी तलाठ्याने ऐकून लिहिलेलं तिसरं. एजंट लगेच म्हणेल, "त्यात काय, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र करून टाकू." करा, पण त्याची किंमत ओळखून करा. ज्या बाईची ओळखच पटवायची आहे तिनेच "मीच ती" असं शपथेवर सांगितलं, तर आपण गोल फिरून तिथंच आलो. प्रतिज्ञापत्राच्या पाठीशी कागद हवेत : जुनं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, बँकेचं किंवा पोस्टाचं जुनं पासबुक, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचं आईचं नाव, शक्य असेल तर राजपत्रात प्रसिद्ध झालेला नावबदल. मी सगळ्यात जास्त वजन देतो ते व्यवहार डोक्यात येण्याच्या कितीतरी आधी तयार झालेल्या कागदाला. वीस वर्षांपूर्वीच्या रेशन कार्डावर नवऱ्याचं नाव तेच, पत्ता तोच आणि नाव सखुबाई असेल, तर मला ते गेल्या महिन्यात दुरुस्त केलेल्या आधारपेक्षा जास्त सांगतं. सातबाऱ्याबरोबर ज्या फेरफाराने त्यांचं नाव लागलं तो फेरफारही मागवा. वारसाचा असेल तर त्यात नातं लिहिलेलं असतं. मग दस्तात "शकुंतला उर्फ सखुबाई" असं सरळ लिहायचं. एकच नाव लिहून दुसरं लपवायचं नाही.

साक्षीदारांबद्दल थोडक्यात, पण रोखठोक. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या दस्ताच्या शेवटी छापून येतं की खालील इसम दस्त करून देणाऱ्यांना "व्यक्तीशः ओळखतात, व त्यांची ओळख पटवितात". ते वाक्य किती जणांच्या बाबतीत खरं असतं, हे आपण कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर रोज पाहतो. शंभर-दोनशे रुपयांत ओळख पटवणारे तिथं उभेच असतात. तुमच्या एजंटचे दोघं त्यातलेच नसतील कशावरून? साक्षीदार आजींच्या गावातला हवा, व्यवहारात ज्याचा पैशाचा संबंध नाही असा हवा, आणि त्याचंही ओळखपत्र बघायचं. पोलीस पाटील, आशाताई, शाळेतल्या बाई, किराणा दुकानदार, ज्याला आजी रोज दिसतात असा कुणीही. त्यालाही वेगळं विचारा : या तुमच्या कोण? किती वर्षांपासून ओळखता? यांना मुलं किती? वकिलाने "माझ्या ओळखीचे" म्हणून सही केली असेल तर त्या वकिलाला फोन लावून "तुम्ही यांना पाहिलंत का?" एवढं विचारायला लाजू नका. तुम्ही स्वतः वकील आहात. अशिलाच्या भाच्याच्या मित्रासाठी अशी सही कशी होते ते तुम्हाला मी सांगायला नको.

व्हिडिओ कॉलचं उत्तर सोपं आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत दूरस्थ नोटरीची पद्धत कायद्याने आणली आहे, व्हर्जिनियाने २०११ मध्येच तसा कायदा केला. आपल्या कायद्यात तशी सोय नाही. पडद्यावर आजी दिसल्या तरी त्या तुमच्यासमक्ष नाहीत, कॅमेऱ्याच्या मागे कोण उभा आहे हे तुम्हाला दिसत नाही, आणि अंगठा कोणत्या कागदावर उठला हेही नाही. घरी जाण्याआधी आजी जाग्या आहेत ना, एवढं विचारायला कॉल करा.

दुबईच्या काकांनी तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन मुखत्यारपत्र करावं. परदेशात राहणाऱ्यासाठी नोंदणी कायद्याच्या कलम ३३ मध्येच ती वाट दिली आहे. तो कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, हे त्यांच्या घरच्यांना आवर्जून सांगा. कपाटात ठेवून विसरतात आणि मग दंड भरतात. "काका सुट्टीवर आल्यावर मागची तारीख टाकू" असं कुणी सुचवलं तर तिथंच थांबवा. त्या तारखेला काका देशात नव्हते, हे त्यांच्या पासपोर्टवर लिहिलेलं असतं.

त्याच कलम ३३ मुळे आणखी एक सांगतो, आणि यात तुमची फी जाईल. या मुखत्यारपत्रावर पुढे जमिनीची विक्री नोंदवायची आहे. त्यासाठीचं मुखत्यारपत्र भारतात राहणाऱ्याने दुय्यम निबंधकासमोर केलेलं चांगलं. नोटरीचं पुढे केलं की तिथं वाद सुरू होतो. आजारपणामुळे कचेरीत येता येत नसेल तर निबंधकाकडेही गृहभेटीची सोय आहे. तिथं कॅमेरा आहे, अंगठ्याचं यंत्र आहे. आजींच्या नातवाला हे आधीच सांगा. एजंटला ही वाट माहीत नसेल असं मला वाटत नाही. माहीत असून तो तुमच्याकडे आला असेल, तर का आला हा प्रश्न स्वतःला विचारा.

आता रजिस्टर. नोटरीचं रजिस्टर नमुना १५ मध्ये ठेवायचं आणि त्यात संबंधित व्यक्तीची सही घ्यायची, हे नियमातच आहे. प्रत्यक्षात काय होतं? सकाळी शिक्के, संध्याकाळी कारकुनाकडून नोंदी, सहीचा रकाना मोकळा. काही जण तर मधल्या दोन-चार ओळी कोऱ्या सोडतात, मागच्या तारखेचं गिऱ्हाईक आलं तर बसवायला. ज्या दिवशी पोलीस येतात त्या दिवशी ते सगळ्यात आधी रजिस्टर मागतात. वर्षातून दोनदापर्यंत जिल्हा न्यायाधीश किंवा नेमलेला अधिकारीही ते तपासू शकतो. आजींचा अंगठा रजिस्टरमध्येही घ्या. घरी जाताना रजिस्टर सोबत न्यायचं ते यासाठीच. कॅलिफोर्नियात मुखत्यारपत्र किंवा जमिनीचा दस्त असेल तर नोटरीच्या वहीत उजव्या अंगठ्याचा ठसा घ्यावाच लागतो. आपल्याकडे तशी सक्ती नाही, पण घेऊ नका असंही कुणी म्हटलेलं नाही. शेजारी चार शब्द लिहा : घरी भेट, वेळ, कोण हजर होतं, कोणतं ओळखपत्र पाहिलं. पाच वर्षांनी साक्षीला बोलावलं तर तुम्हाला ना आजी आठवणार ना घर. ती ओळच तुमच्या वतीने बोलेल.

आणि शिक्का. तुमचा पाच सेंटिमीटरचा गोल शिक्का टायपिस्टच्या ड्रॉवरमध्ये राहत असेल तर वर लिहिलेलं सगळं वाया गेलं. जेवायला उठताना तो पर्समध्ये टाका.

"आपल्यावर कुणी केस करू शकत नाही, कलम १३ आहे," असं सांगणारे ज्येष्ठ तुम्हाला भेटतील. कलम १३ आहे, सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय कोर्टाला दखल घेता येत नाही, हेही खरं. पण ती तक्रार होऊ शकते, आणि नोटरीच्या यादीतून नाव काढायला कलम १० वेगळं आहे. गैरवर्तनाची चौकशी नियम १३ खाली चालते. तिला उत्तर देताना पलीकडच्या टेबलाचा दाखला कामाला येत नाही. तोतया उभा करणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९ लागतं. त्या माणसाला पोलिसांनी पकडलं की "मॅडमना सगळं माहीत होतं" हे तो पहिल्या तासात सांगतो.

काही गिऱ्हाईकं जातील. पहिली दोन-तीन वर्षं पलीकडच्या टेबलासमोरची रांग बघून जीव तुटेल, ते मी नाकारत नाही. पण बँका, सोसायट्या आणि मोठे वकील कुठल्या नोटरीचा कागद कोर्टात टिकतो ते बघत असतात, आणि ते काम पाच मिनिटांच्या टेबलावर जात नाही.

आजींकडे जायचं ठरलंच तर प्रवासखर्च वेगळा घ्या, नियमात त्याची सोय आहे, पावतीवर वेगळा दाखवा. मात्र निघण्याआधी तुमच्या प्रमाणपत्रावरचं कार्यक्षेत्र वाचा. तिथं नुसता तालुका लिहिलेला असेल आणि आजींची वस्ती शीव ओलांडून पलीकडच्या तालुक्यात पडत असेल, तर तुम्ही जाऊ नका, तिथल्या नोटरीचं नाव द्या.